काठोकाठ प्याला

मोहिराने पाहुणीच्या प्याल्यात काठोकाठ चहा ओतला, आणि बोचकं काखेत घेऊन आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या तुर्सुनॉयने तो सगळा प्रकार पाहिला.

सुनेला काय काय येत नाही, हे तुर्सुनॉय अख्ख्या गल्लीला सांगत आली होती. नान तंदुराच्या भिंतीला थापते ती अर्धी राखेत पडतात. पहाटे अंगण झाडते तेव्हा धूळ जागची उठते आणि जागीच बसते. बोलते तर तोंडातल्या तोंडात, जणू शब्दावर जकात बसते. पण चहा? नुराता गावातली धड चालता न येणारी पोरसुद्धा जाणते की पाहुण्याच्या प्याल्यात घोटभरच ओतायचा. मान जितका मोठा, तितका चहा कमी. संपला की पुन्हा ओतायचा, पुन्हा हात छातीवर ठेवून पुढे करायचा, म्हणजे पाहुण्याला कळतं की आपण उठावं असं या घरात कुणाला वाटत नाही. काठोकाठ भरलेल्या प्याल्याचा अर्थ एकच: हा प्या आणि वाट धरा.

ताश्कंदच्या फरोगत-खानिमनी प्याल्याकडे पाहिलं. चहा काठावर फुगून उभा होता. एक थेंब खाली नव्हता. मग त्यांनी शेजारच्या हाजरच्या प्याल्याकडे पाहिलं. त्यात रीतीप्रमाणे घोटभर होता. मग दारात उभ्या असलेल्या यजमानिणीकडे पाहिलं, आणि तुतीच्या झाडाखालच्या लाकडी तख्तावरून त्या खाली उतरून चपला शोधू लागल्या.

"आलं लक्षात," त्या म्हणाल्या. "तुर्सुनॉय-अपा, तोंडाने सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

"अहो खानिम, बसा हो! पोर नवी आहे, तिला काय कळतंय..."

"सून आणून दोन वर्षं झाली, असं मघाशी तुम्हीच म्हणालात."

तुर्सुनॉय तख्तापर्यंत पोचायच्या आतच त्या फाटकातून बाहेर पडल्या. फाटकाबाहेर गाडीचं दार आपटलं. कुत्रं भुंकलं. गाडी वळणापार जाईपर्यंत अंगणात कुणी हललं नाही.

"गेली," हाजर म्हणाली. ती शेजारीण. सुझनीची, म्हणजे भरतकामाच्या मोठ्या चादरीची, आपली पट्टी भरायला आली, असं निमित्त सांगून खरं तर ताश्कंदची बाई कशी दिसते ते बघायला आलेली. "नानचा तुकडाही मोडला नाही बाईने."

तुर्सुनॉयने बोचकं न सोडताच तख्ताच्या कोपऱ्यात ठेवलं. आदळलं नाही, कारण आत भरतकाम होतं. पण एरवी तिने ते आदळलंच असतं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" ती सुनेला म्हणाली. "हात इथे, डोळे इथे, आणि जीव त्या मशीनमध्ये! एका कापडाला दोन गिऱ्हाइकं करून ठेवलीस, ते कमी होतं म्हणून आता आलेल्या बाईला हाकलून लावलंस?"

मोहिराने किटलीचं झाकण नीट बसवलं. मान खाली होती.

"चूक झाली, आई."

"कुठली? एकीची माफी मागतेयस की दोन्हींची?"

सुनेने किटली बाजूला ठेवली.

भानगड अशी होती. 'चार फांद्या, एक चंद्र' या नमुन्याची एकच सुझनी तयार होती. ती परवा दुपारी कर्शीच्या कुणा मुलीने मोहिरा चालवते त्या वेबसाइटवरून विकत घेतली, आणि त्याच संध्याकाळी तीच सुझनी, तिथूनच, फरोगत-खानिमनीही घेतली. दोघींनाही वेबसाइटने गोड शब्दांत सांगितलं की कापड आता तुमचं. खानिमना मुलीच्या लग्नाची घाई, म्हणून त्या स्वतःच न्यायला आल्या. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "ती कर्शीला आहे, मी तुमच्यासमोर बसलेय. माझं कापड मला द्या," म्हणाल्या. त्यावर तुर्सुनॉय क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली, "थांबा, आणते," म्हणाली आणि आत गेली. आत पेटाऱ्याशी तिला बराच वेळ लागला.

एक कापड दोघांना विकलं! बाजारात तुर्सुनॉयच्या तोंडाला घाबरत नाही असं कुणी नव्हतं, पण तिच्या मालाबद्दल वाकडा शब्द बोलायची कुणाची छाती झाली नव्हती. तो शब्द आता वाटेवर होता. हाजरच घरी जाता जाता निम्मी वाट त्याला पोचवणार होती.

तुर्सुनॉयने तख्ताच्या कडेला असलेला लॅपटॉप बोटाने सुनेकडे ढकलला. बैठक ओढून तिच्या शेजारी बसली आणि चष्मा चढवला.

"दाखव."

"काय दाखवू?"

"कापड एक, गिऱ्हाइकं दोन. मध्ये काय आहे, ते दाखव. रोज उघडतेस ना हे? आज माझ्यासमोर उघड. सूर्य डोंगराआड जायच्या आत मला कळलं तर ठीक. नाही कळलं तर हे तुझं दुकान बंद, आणि मी पुन्हा बाजारात चटई टाकून बसेन. तिथे निदान कापड माझ्या मांडीवर असतं."

मोहिराने वर पाहिलं. सासू रागावली होती, हे खरं. पण रागावलेलं माणूस असं पुढे झुकून, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत नाही.

"आई, एका सुझनीबद्दल जे जे काही असतं," ती सांगू लागली, "फोटो, लांबी-रुंदी, रंग, कुठली पट्टी कुणी भरली, किंमत, शिल्लक आहे की विकली, हे सगळं मी एकत्र बांधून ठेवते. प्रत्येक कापडाचं एक. त्याला आम्ही मॉडेल म्हणतो."

"म्हणजे बोचकं."

"हो. बोचकंच."

"मग बोचकं म्हण की. मॉडेल काय, मॉडेल! कुठे असतात ही बोचकी?"

"कोठारात. इथे नाही, लांब असतं ते. कुणी आपलं दुकान उघडलं की कोठारातून बोचकं आणायचं, सोडायचं, आणि पानावर मांडायचं. ते आणायचं कसं, एवढाच सगळा प्रश्न आहे."

"कसं म्हणजे? उचलायचं आणि आणायचं. हमालाला विचार."

"हमालालाही विचारावं लागतं, आई, एकेक आणतोस की गाडी भरून आणतोस."

हाजर सुईत दोरा ओवता ओवता थांबली. सून एवढं लांब वाक्य बोलताना तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"आधी मी एकेक आणत होते," मोहिरा म्हणाली. "दुकानात जितकी कापडं, तितक्या खेपा. आणि प्रत्येक खेपेला अख्खं बोचकं. गिऱ्हाइकाला नुसतं वरचं चित्र बघायचं असलं तरी आतले सगळे फोटो, सगळी मापं, हाजर-खालांचं नावसुद्धा, सगळं उचलून आणायचं."

"माझं नाव जड आहे का गं?" हाजर म्हणाली.

"नाव नाही जड. पण सगळ्यांचं सगळं मिळून जड होतं. पान उघडता उघडत नव्हतं. आठवतं, आई? बसलेली उंटीण उठावी तसं पान उठतं, असं म्हणायचात तुम्ही."

"म्हणत होते. खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं. लोक थांबत नव्हते, निघून जायचे. म्हणून मग मी दुसरी रीत केली. पहाटे एकदाच कोठारात जायचं. सगळी बोचकी एका खेपेत आणायची, त्यांची नक्कल करायची आणि नक्कल हाताशी ठेवायची. दिवसभर जो येईल त्याला ती नक्कलच दाखवायची. कोठाराकडे फिरकायचंच नाही. पान चटकन उघडायला लागलं."

"हो, ते बरं झालं होतं," तुर्सुनॉय म्हणाली. एवढं कौतुक तिच्या तोंडून दोन वर्षांत निघालं नव्हतं, तिचं तिलाच ते जाणवलं, आणि तिने लगेच पुढे विचारलं, "मग बिघडलं कुठे?"

"परवा दुपारी कर्शीच्या मुलीने चंद्र घेतला. कोठारात लागलीच नोंद झाली, की विकला. पण नक्कल होती पहाटेची. नकलेत चंद्र अजून शिल्लकच होता. संध्याकाळी खानिमनी दुकान उघडलं तेव्हा त्यांना नक्कल दिसली."

तुर्सुनॉयने चष्मा काढला, ओढणीच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"म्हणजे सकाळी एकदा बघून ठेवलंस, आणि दिवसभर तेच खरं धरून चाललीस."

"हो, आई. तेच झालं."

"अगं, मग जा ना कोठारात! प्रत्येक वेळी जा. कुणी आलं की ऊठ, विचार, सांग. पाहुण्याला चहा कसा देतात? संपला की ऊठ, पुन्हा ओत. पण तुला तेही..."

"एका पाहुण्याला ते जमतं, आई," मोहिरा शांतपणे म्हणाली. "लग्नाला चारशे माणसं बसली आहेत, ओतणारी मी एकटी, आणि चहाच्या पाण्याचा समोवर गल्लीच्या टोकाला. एकेका घोटासाठी मी टोकापर्यंत धावत राहिले, तर शेवटच्याला चहा कधी मिळणार?"

"धावायचं! सून कशाला आणतात मग?"

हाजर खळखळून हसली. पण तुर्सुनॉय हसली नाही. चारशे माणसांचं लग्न तिने स्वतःच्या पोराचं केलं होतं, समोवर कुठे मांडायचा यावरून दिराशी भांडलीही होती, आणि तो शेवटी अंगणाच्या मधोमध मांडायला लावला होता. ती पडद्याच्या आणखी जवळ सरकली. पडद्यावर रांगाच्या रांगा होत्या, मुंग्यांसारख्या अक्षरांच्या. वाचता येणाऱ्याला त्या काय सांगत असतील, कोण जाणे.

"यातलं कोठार कुठलं?"

मोहिराने दाखवलं.

"आणि नक्कल?"

तेही दाखवलं.

"दिसायला सारखंच की."

"म्हणून तर घोटाळा होतो."

"हं." तुर्सुनॉयने हनुवटीला बोट लावलं. "मग एकेक आणलं तर उंटीण, आणि एकदम आणून ठेवलं तर शिळं. तिसरी रीत आहे का नाही?"

"तीच जुळवतेय कालपासून. बरीचशी जुळलीय." मोहिराने हाजरच्या मांडीवरच्या अरुंद पट्टीकडे मान वळवली. "हाजर-खाला, तुम्ही ही पट्टी घरी नेता ना?"

"नेते की. जावेची बडबड ऐकत ऐकत भरते. म्हणून माझी पानं जरा वाकडी येतात."

"आणि कोपऱ्यातली पट्टी सालोमत नेते, दुसरी तिची बहीण. नमुना आधी सगळ्या कापडावर एकदम काढलेला असतो, मग टाके उसवून पट्ट्या वेगळ्या करतो आणि वाटतो. पण मधली पट्टी, चंद्राची?"

"ती मी कुणाला देत नाही," तुर्सुनॉय लगेच म्हणाली. "ती माझ्याकडेच असते. चारी बाजूंच्या फांद्या चंद्राला येऊन मिळायच्या असतात. तो हलला तर सगळं हललं."

"कोठारातलं तसंच करायचं म्हणतेय. अख्खं बोचकं उचलायचंच नाही. पट्ट्या करायच्या. दुकानाचं पहिलं पान उघडलं की एका खेपेत सगळ्यांची फक्त वरची चित्रं, नावं आणि किंमत आणायची. एखाद्या कापडावर कुणी बोट ठेवलं तरच त्या एकट्याचं बाकीचं आणायचं. फोटो, माप, कुणी भरलं, हे काही बदलत नाही; त्याची नक्कल हाताशी राहिली तरी चालेल. पण 'आहे की विकली' एवढी एक पट्टी वाटायची नाही. तिची नक्कलच करायची नाही. घेणाऱ्याने 'घेतो' म्हटलं की त्या क्षणी कोठारात जायचं आणि तिथेच विचारायचं."

"म्हणजे शेवटी जायचंच कोठारात."

"एका शब्दासाठी. हो की नाही, एवढंच. एका शब्दाला ओझं नसतं."

तुर्सुनॉयने बोटांवर काहीतरी मोजलं. अंगणातली सावली तख्तावरून सरकत तंदुराला टेकली होती. मग तिचा चेहरा एकदम उजळला, बाजारात समोरच्याच्या मालातला दोष सापडल्यावर उजळायचा तसा.

"आणि दोघी एकाच क्षणी आल्या तर? एक कर्शीहून, एक ताश्कंदहून, दोघींनी एकदमच 'घेते' म्हटलं तर? कोठार दोघींना 'आहे' म्हणेल!"

मोहिरा हसली. "एकदम वाटलं तरी एकीचं पाऊल पुढे असतंच. जी आधी पोचेल तिला आत घ्यायचं आणि दार लावायचं. तिचा सौदा पुरा होईपर्यंत दुसरी बाहेर उभी."

"बाहेर? उन्हात?"

"पापणी लवेपर्यंतच."

"करून दाखव."

तिथून पुढे मोहिराची बोटं चालत राहिली आणि तुर्सुनॉय शेजारून हलली नाही. स्वयंपाकघरात गाजरं चिरायची तशीच पडली होती. मध्येच तिने विचारलं, "हे आत्ता काय लिहिलंस?" मध्येच, "एवढ्या लवकर पुसून का टाकलंस?" एकदा मोहिरा नुसतीच थांबून पडद्याकडे बघत बसली, तेव्हा तुर्सुनॉयनेही श्वास रोखून तिकडेच बघितलं, आणि हाजर काही बोलायला गेली तर तिला हाताने गप्प केलं. टाका चुकला की आपणही असंच बघत बसतो, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

शेवटी मोहिराने हाजरची डोक्यावरची जुनी ओढणी मागून घेतली, तिचा फोटो काढला आणि दुकानात विकायला ठेवली. एकच नग.

"तुमचा फोन घ्या, आई. हाजर-खाला, तुम्ही तुमचा. मी 'चला' म्हटलं की दोघींनी घ्यायची."

"माझीच ओढणी मी विकत घेऊ?" हाजर म्हणाली.

"गप बस, फोन धर," तुर्सुनॉयने दटावलं. तिने अंगठा पडद्यावर असा रोखून धरला होता, जणू खाली विंचू आहे.

"चला!"

दोघींचे अंगठे आपटले. हाजरच्या फोनवर हिरवी खूण उमटली. तुर्सुनॉयच्या फोनवर एकच ओळ आली. मोहिराने ती वाचून दाखवली: हे कापड आत्ताच विकलं गेलं, माफ करा.

"माझ्याच दुकानात मला नाही म्हणतं!" तुर्सुनॉय ओरडली. फोन उलटासुलटा करून बघितला. "माझ्या तोंडावर! पुन्हा ठेव ती ओढणी."

पुन्हा ठेवली. या वेळी तुर्सुनॉयला मिळाली, हाजरला नाही. तिसऱ्यांदा तुर्सुनॉयने 'चला'च्या आधीच अंगठा आपटला, आणि हाजरने लबाडी, लबाडी म्हणून कल्ला केला. किती वेळा करून पाहिलं तरी ओढणी एकीलाच मिळत होती, दोघींना कधीच नाही. तुर्सुनॉय प्रत्येक वेळी ती नकाराची ओळ बोटाने चाचपून बघायची. आयुष्यात तिला कुणी एवढ्या वेळा नाही म्हटलं नव्हतं, आणि ते इतकं आवडलंही नव्हतं.

गायीची धार काढायची वेळ झाली, तेव्हा हाजर ओढणी डोक्यावर घेऊन उठली. "विकलेली ओढणी घालून चाललेय, चोर म्हणू नका," म्हणाली, आणि गेली. एक कापड दोघांना विकल्याची गोष्ट ती गल्लीत सांगणारच होती. पण आता तिच्याकडे ओढणीचीही गोष्ट होती, आणि ती जास्त मजेची होती.

सूर्य डोंगराच्या कडेला टेकला. मोहिराने लॅपटॉप मिटला आणि गाजरं चिरायला आत गेली. दुकान बंद करायचं की नाही यावर तुर्सुनॉय काही बोलली नव्हती. बंद कर म्हणाली नव्हती, एवढं खरं.

तख्तावर खाण्यापिण्याचं कापड, दस्तरखान, तसंच पसरलेलं होतं. तुर्सुनॉयने प्याले गोळा करायला घेतले. हाजरचा रिकामा. तिचा स्वतःचा, घोटभर गार चहा उरलेला. आणि पाहुणीचा, सकाळी ओतला होता तसाच, काठोकाठ भरलेला.

तिने तो उचलायला हात घातला आणि चहा लगेच बोटांवरून मनगटावर उतरला. तिने प्याला खाली ठेवला. दस्तरखानावर पाहुणीच्या जागेपाशी हात फिरवला. नव्याने सांडला तेवढाच डाग ओला होता. बाकी कापड कोरडं. सकाळचा एकही डाग नव्हता.

चाळीस वर्षं सुई धरलेल्या बाईला हात ओळखता येतो. जीव दुसरीकडे असलेल्या हातून चहा सांडतो. इतका भरून, फुगवून, थेंब न सांडता ओतायचा तर जीव सगळा त्या हातातच असावा लागतो.

ती तिथेच बसली.

"मोहिरा!"

सून हात पुसत बाहेर आली.

"कर्शीची ती पोर कोण आहे?"

"सुरय्यो नाव आहे. एवढंच माहीत आहे." मोहिरा थांबली, मग म्हणाली, "आणि एक माहीत आहे. पान उंटिणीसारखं उठायचं ना, तेव्हापासून येते ती. रोज संध्याकाळी. दुकानात कोण आलं, किती वेळ थांबलं, ते मला दिसतं. बाकीचे लोक चंद्राचं पान उघडायच्या आधीच कंटाळून निघून जायचे. ती थांबायची, अगदी शेवटची फांदी उमटेपर्यंत. बघायची आणि जायची. सबंध हिवाळा तिने नुसतं बघितलं. परवा घेतलं."

तुतीवर चिमण्यांचा गलका चालला होता. तुर्सुनॉयने ओला हात ओढणीला पुसला.

"मग सकाळी सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही पाहुण्यांशी बोलत होतात. मी कशी मध्ये बोलणार?" मोहिराचा आवाज पुन्हा तोंडातल्या तोंडात गेला. "आणि तुम्ही 'आणते' म्हणालात. बोचकं घेऊन दारात आलात."

"म्हणून तू प्याला भरलास."

मोहिराने प्याल्याकडे पाहिलं. नाही म्हणाली नाही.

तुर्सुनॉयने कोपऱ्यातलं बोचकं ओढलं आणि तिच्यापुढे सरकवलं.

"सोड."

"आई, तो चंद्र मी उद्याच कर्शीला..."

"सोड म्हणते ना."

मोहिराने गाठ सोडली. कापडाची पहिली घडी उलगडली आणि तिचा हात थांबला. आत चंद्र नव्हता. डाळिंबं होती. लाल, तडकलेली, दाण्यादाण्याने भरलेली, आणि एका कोपऱ्यात एक फूल नुसतं पेन्सिलीने रेखलेलं, न भरता सोडलेलं. ही सुझनी पेटाऱ्याच्या पार तळाशी असायची. तुर्सुनॉयने ती ऐन तरुणपणी, मुलगी होईल म्हणून भरायला घेतली होती, आणि मुलगी झाली नव्हती. मोहिराने दोन वर्षांत कितीदा तिचा फोटो मागितला, पण प्रत्येक वेळी पेटाऱ्याचं झाकण तिच्या बोटांजवळ आपटलं होतं.

"ही तर विकायची नाही म्हणत होतात," ती हळूच म्हणाली.

"नाहीच विकायची. चंद्राच्या बदल्यात द्यायची होती. त्या ताश्कंदच्या बाईच्या पोरीचं लग्न आहे." तुर्सुनॉयने घडी पुन्हा घातली आणि बोटाने कडा सारखी केली. "चंद्र कुणाचा झालाय, ते मला कळत नाही असं वाटलं तुला? उद्या पहाटेची गाडी सांग. आपण दोघी ताश्कंदला जातोय. बोचकं तू धरायचंस. आणि ती बाई आपल्याला प्याला किती भरून देते, ते मुकाट्याने बघायचं."

मोहिरा खाली मान घालून हसली, आणि हसता हसता तिला ओढणीने डोळे पुसावे लागले.

तुर्सुनॉयने किटली चुलीवरून स्वतः आणली. चहा रीतीप्रमाणे एकदा प्याल्यात ओतून पुन्हा किटलीत परतवला, दोनदा परतवला, तिसऱ्यांदा परतवला. मग कोरडा प्याला घेतला, त्याच्या तळाला जेमतेम घोटभर चहा ओतला, आणि डावा हात छातीवर ठेवून तो सुनेपुढे धरला. मोहिराला तो घ्यावा की काय करावं, ते कळेना.

"घे, गार होतोय," तुर्सुनॉय म्हणाली. "चहा ओतायला येतो तुला, ते कळलं आज. पण सासू सकाळी एकदा बघून ठेवायची आणि दिवसभर ती तशीच असेल असं धरून चालायचं, ही खोड सोड. ओतायच्या आधी वर, माझ्या तोंडाकडे बघायचं होतंस. मी दारातच उभी होते."